गाऱ्हाण्यातला गुडघा

आमच्या धाकट्या भावोजींइतका हट्टी माणूस दाभोळपासून राजापूरपर्यंत सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या घरच्यांनी त्याला खोलीत कोंडून ठेवलेला असेल. मी ठेवला नाही, कारण कोंडला असता तरी त्याने आत टीव्ही मागितला असता. माझे यजमान लवकर गेले, भावोजींनी लग्न केलं नाही, म्हणून या घरात आम्ही दोघंच. ते बोटीवर इंजिनाच्या खोलीत कामाला होते. जग फिरून १९९८ साली कायमचे घरी आले, ते दुखरी पाठ, एक टीव्ही आणि इटलीच्या बंदरात शिकलेल्या चार शिव्या घेऊन. त्याच सुमारास वाडीत केबल आली. लोक मालिका बघू लागले. भावोजींनी रविवारी संध्याकाळी इटलीचा फुटबॉल लावला, आणि पहिल्याच महिन्यात त्यांना तो पोरगा दिसला.

अठरा वर्षांचा होता. कान मोठे, मान बारीक, आमच्याकडचा असता तर आधी त्याला पेज पाजली असती. गोल घालणाऱ्यांतला नव्हे, अडवणाऱ्यांतला. त्या दिवशी पलीकडच्या संघातला सगळ्यात महागडा माणूस त्याच्यासमोर तीनदा आला आणि तीनदा रिकाम्या पायांनी परत गेला. भावोजी खुर्चीतून उठून उभे राहिले. ‘वयनी, हा पोरगा देशाकडून खेळणार. लिहून ठेवा.’ मी तांदूळ निवडत होते, म्हटलं, ‘मला चौथीपर्यंतच लिहिता येतं, तुम्हीच ठेवा.’ तेव्हापासून त्याचं नाव या घरात ‘पोरगा’. पोरगा आज खेळला, पोरग्याला पिवळं कार्ड दाखवलं, पोरगा दमलाय. वाडीतले लोकही रस्त्यात ‘पोरगा काय म्हणतो?’ विचारायचे. एका नव्या ग्रामसेवकाने तर हे ऐकून परदेशात स्थिरावलेल्या या मुलासाठी आपल्या मेहुणीचं स्थळ आणलं. भावोजींनी त्याला चहा पाजला आणि गंभीरपणे सांगितलं, ‘अजून चारेक वर्षं पोरग्याचं लग्नाचं बघायचं नाय. खेळावरनं लक्ष उडतं.’

अडवणं ही काय विद्या आहे ते त्यांनी मला आंब्याच्या बागेत शिकवलं. माकडांनी मोहर आणि कैऱ्या कुरतडायचं सोडलं नाही, तेव्हा भावोजी काठी टाकून माकडासमोर हात पसरून, गुडघे वाकवून उभे राहायला लागले. ‘माकडाच्या तोंडाकडं बगू नका. हातातल्या कैरीकडं तर बिलकुल नाय. कमरेकडं बगा. तोंड फसवतं, हात फसवतो, कंबर फसवत नाय. कंबर जिकडं, माकड तिकडं.’ मी म्हटलं, ‘आणि तुमची कंबर गेली म्हणजे?’ ती गेलीच. आठ दिवस मी शेकत होते. पण खोटं कशाला बोलू, त्या वर्षी आमच्या बागेत माकडं कमी आली. वेडा माणूस असलेली जागा जनावर ओळखत असावं.

मग पोरग्याचा गुडघा गेला. कोणीतरी आडवा आला, पोरगा पडला तो हात वर करून तसाच राहिला. स्ट्रेचरवरून नेताना त्याने तोंडावर हात घेतले. भावोजी त्या रात्री जेवले नाहीत. ऑपरेशन झालं, वर्ष गेलं, परत खेळायच्या बेताला आला आणि तोच गुडघा पुन्हा गेला. पुढे मोठ्या संघाने त्याला लहान संघाला उसना दिला. माणूस उसना देतात हे मला तेव्हा कळलं. आम्ही फार तर विरजण देतो. लहान संघाचे सामने इथे दिसत नसत. भावोजी एसटीने शहरात जाऊन सायबर कॅफेतल्या मुलाला विचारून यायचे. परत आले की मी तोंड बघूनच ओळखायची. पोरगा बाकावर. देशाकडून खेळणं राहिलं बाजूला, भावोजींचं मागणं आता एवढंच उरलं होतं, की त्याला एकदा मैदानात उभा बघायचा.

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. गावकार देवीला त्या घराचं गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एका वर्षी भावोजींनी गावकाराच्या कानात काहीतरी सांगितलं. गावकार थबकला, पण गाऱ्हाण्याचा विडा घेतलेला होता, आता नाही म्हणता येईना. मोठ्याने म्हणाला, ‘बा देवी म्हाराजा, तुझ्या या लेकराचा इटली मुक्कामी जो पोरगा हाय, त्याच्या डाव्या गुडघ्यावर काय वाकडी नजर पडली असंल ती दूर कर, त्याला मैदानात उभा कर, म्हणजे हा तुला नारळांचं तोरण बांधील!’ सगळी वाडी ओरडली, ‘व्हय म्हाराजा!’ मी पदरात तोंड घालून हसले. पुढे दरवर्षी तेच गाऱ्हाणं. गावकाराला ते पाठ झालं.

पोरगा अखेर मोठ्या संघात परत आला, पण बाकावरच. त्या वर्षी पालखी आमच्या अंगणात आली ती नेमकी रविवारी संध्याकाळी, सामना चालू असताना. भावोजींना पालखीला खांदा द्यायचा होता. ‘टीव्ही बंद करू नका’ एवढं बजावून ते बाहेर गेले. ढोल वाजत होते. मी ओटीचे तांदूळ आणि नारळ घ्यायला आत आले, तर पडद्यावर पोरगा शर्ट खोचत रेषेवर उभा. वय वाढलेलं, कान तेच. त्याने जमिनीला हात लावला आणि आत धावला.

मी हाका मारल्या. ढोलात कोण ऐकतो! ढोल थांबले ते गाऱ्हाण्यासाठी, आणि गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत. बाहेर गावकार देवीला सांगत होता, पोरग्याला मैदानात उभा कर, आणि भावोजी हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. आत पोरगा उभा होता. ओटी हातात धरून मी एकटी बघत राहिले. गाऱ्हाणं संपायला आणि तिकडे शेवटची शिट्टी वाजायला एकच वेळ झाली. भावोजी गुलालाने माखून आत आले तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती.

मी सांगितलं. ते खाली बसले. मग म्हणाले, ‘कसा खेळला?’ मी म्हटलं, ‘बॉलचं मला ठाऊक नाय. मी समोरच्याच्या कमरेकडं बगत होते. कंबर जिकडं वळली तिकडं हा आधी जाऊन उभा होता. दोनदा. मग तो यायचाच बंद झाला.’ भावोजींनी डोळे मिटले. ‘मी असतो तर बॉलकडंच बगितलं असतं, वयनी,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या शब्दावर तोरण बांधलं.

पोरगा त्यानंतर कधी दिसला नाही. खालच्या संघांत गेला, मग खेळच सोडला, असं सायबर कॅफेतल्या मुलाने सांगितलं. दर शिमग्याला पालखी पुढच्या घरी गेली की भावोजी पडवीत बसून म्हणायचे, ‘सांगा, वयनी.’ मी सांगायची. पदरचं कधी घातलं नाही. दोनदा म्हणजे दोनदाच.

यंदा भावोजींना अंथरुणातून उठवत नाही. पालखी आली, मी त्यांची खिडकी उघडून ठेवली आणि अंगणात उभी राहिले. घरादाराचं मागून झालं, गावकार थांबला. मी म्हटलं, ‘आणि गुडघ्याचं?’

‘वयनी, तो पोरगा खेळतो कुठं आता?’

‘खेळत नाय. पण गुडघा हाय ना त्याला? जिने चढायचे असतील.’ माझे दोन्ही गेलेत, मला कळतं.

गावकाराने टोपी सारखी केली आणि पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं, इटली मुक्कामासकट. ‘व्हय म्हाराजा!’ सगळे म्हणाले. मीही म्हटलं. सगळ्यांचं म्हणून झालं, ढोलावर काठी पडणार, एवढ्यात खिडकीतून एकट्याचा आवाज आला, उशिरा आणि बारीक, ‘व्हय म्हाराजा.’ ढोलवाला तेवढा थांबला.