खाटेपुरती जागा

यंत्राला "जेवलास का" असं विचारणारा माणूस साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मामांची सारी नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली. तिथल्या यंत्रांशीही ते गप्पा मारत, असं मामी सांगायच्या. घरात मात्र त्यांच्या तोंडून शब्द निघायला मुहूर्त लागे. निवृत्तीनंतर ते रत्नागिरीत आमच्याच आळीत आले. मामींनी अंथरूण धरलं तेव्हा मुंबईच्या मुलाने लादी पुसणारा एक वाटोळा रोबो पाठवला. मामांनी त्याचं नाव ठेवलं बाबल्या. तो उंबऱ्याला अडला की मामा त्याची समजूत काढत, चार्जिंगला लागला की आम्ही कुजबुजत बोलायचं. "दमलाय तो. सकाळपासून दोन खोल्या पुसल्यान." देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत आहे. मामांनी तेही बाबल्यासाठी घातलं. "बा म्हाराजा, ह्या लेकराची बॅटरी टिकू दे." आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसं हात जोडून "होय म्हाराजा" म्हणत होतो.

मामी गेल्या, खाट माळ्यावर गेली. पण बाबल्या मामींना लावलेल्या नळीत अडकू नये म्हणून मुलाने मोबाइलवरून खाटेची जागा त्याला बंद करून ठेवली होती, ती तशीच राहिली. रिकाम्या खोलीत बाबल्या खाटेएवढा वळसा घालायचा. तिथे धूळ साचे. माझी बायको झाडायला गेली तर मामा म्हणाले, "राहू दे गो. त्याला अजून ती तिथंच आहे."

गेल्या महिन्यात बाबल्या बंद पडला. मामा जेवेनात. मीच अतिशहाणा, त्याला दुरुस्तीला नेलं. दुकानदाराने आतलं जुनं सगळं पुसून त्याला नव्यासारखा करून दिला, आणि ते मी मामांना फुशारकीने सांगितलं. बाबल्या निघाला तो खाटेच्या जागेवरून सरळ पुसत गेला. मामा बघत राहिले. मी घाईघाईने म्हटलं, मुलाला सांगून ती जागा पुन्हा आखून घेऊ.

"नको जावईबापू," मामा म्हणाले. "आता सांगून काय? ह्याने तिला बघितलंनच नाय."

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

हल्ली मामा बाबल्याशी बोलत नाहीत. आमच्याशीही फारसे नाहीत. सकाळी तो सुरू झाला की ते त्या जागी लादीवर आडवे होतात, मामी निजायच्या तसे, भिंतीकडे तोंड करून. बाबल्या येतो, त्यांच्या पाठीला टेकतो आणि वळसा घालून जातो.