लाल पाण्याचा खोका

जानकी मनोरीची कोळीण. बोरिवलीच्या एका कॅन्सर डे-केअरमध्ये चौदा वर्षं कचरा वेगळा करते. मुदत संपलेली, उरलेली, सांडलेली औषधं पिवळ्या पिशवीत; बाकीचं ज्याच्या त्याच्या रंगात. चुकीच्या पिशवीत पडलेली सुई तिला झोपेतही ऐकू येते, असं नर्स म्हणतात.

औषधांचे रिकामे थर्माकोलचे खोके मात्र ती फार्मसीला विचारून घरी नेते. थोरली जाऊ सरूबाई त्यांत मासळी ठेवून बोरिवलीच्या बाजारात विकते. नेण्याआधी प्रत्येक खोका उघडून बघायचा, हा जानकीचा नेम. काल घरी जायची शेवटची बोट चुकेल म्हणून नेम राहिला.

आज अकराला फार्मसीतल्या अनुपमानं विचारलं, "मावशी, कोपऱ्यातला खोका पिशवीत घातला ना? त्यात केमोची बाटली फुटली होती. लाल औषधाची."

"त्यावर चिठ्ठी कुठं होती?"

"लावायची राहिली..."

तो खोका जानकीनं कालच घरी नेला होता. सरूबाईचा फोन वाजून वाजून बंद झाला. हातमोजे आणि पिवळ्या पिशव्या घेऊन ती रिक्षात बसली. हे औषध चढवताना नर्स दोन-दोन हातमोजे घालतात, हेच तिला आठवत राहिलं.

बाजारात तीन खोके. तिन्हींत बांगडे. तिन्हींच्या तळाशी बर्फाचं पाणी लालसर. रक्त की औषध? चौदा वर्षांची नजर तिथं आंधळी झाली.

"वयनी, इकू नको. सगळे दे."

"येड लागलंय का गो? गिऱ्हाईक उभं हाय!"

"एका खोक्यात केमोचं औषध सांडलंय. कुठल्या, ते कळत नाय."

"हळू बोल! धंद्याची वाट लावशील माझ्या!"

जानकी हळू बोलली नाही. गिऱ्हाईक मागं सरलं. सरूबाईनं एक शिवी हासडली, मग स्वतःच्या ओल्या हातांकडं पाहिलं.

"नळावर जा, हात धू. कुणाला इकलेस?"

"एकीलाच. सहा बांगडे. शर्मिष्ठाबाई, मागची बिल्डिंग, तिसरा माळा. तास झाला."

खोके मासळीसकट पिशव्यांत बांधून, सरूबाईला त्यांच्यापाशी बसवून जानकी धावली. लिफ्टसाठी थांबणं तिला जमलं नाही. प्रत्येक माळ्यावर ती वास घेत होती. दुसऱ्यावर तेल तडतडलं, ती थांबली. मोहरीची फोडणी होती.

शर्मिष्ठाबाईंनी दार उघडलं. हातात सुरी. मागं ओट्यावर सहाही बांगडे, कच्चे. बोटं लाल.

"कोण हवंय?"

"आधी हात धुवा, बाई. साबणानं. मग सांगते."