निवटीचं स्वयंपाकघर

आमच्या वारज्याच्या सोसायटीत दशरथराव मेश्राम राहायला आले, त्याच आठवड्यात त्यांनी जिन्याचा कठडा पितळ चमकवायचं ब्रासो लावून घासला. कठडा लोखंडी होता, पण हौसेपुढे कोण बोलणार? खडकीच्या एका कारखान्यात सफाईच्या कामावर त्यांचा जन्म गेला. साहेबांची पाहणी असली की आदल्या दिवशी सगळं चकाचक करायचं, हे अंगात इतकं भिनलेलं, की निवृत्तीनंतर पाहणीला कुणी येत नाही याचंच त्यांना दुःख. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. घासण्याच्या आवाजाने जाग येते, गजर लावावा लागत नाही.

मे महिन्यात त्यांची नात कल्याणी नागपूरहून आली. सगळे श्रीवर्धनला जाऊन आले आणि येताना पोरीने खाडीतून एक निवटी आणली. निवटी म्हणजे बोटाएवढा, बटबटीत डोळ्यांचा मासा. पाण्यात कमी, चिखलावरच जास्त. सोबत कॅनभर खाडीचं पाणी, चिखल, शेवाळलेले दगड, त्यांना चिकटलेल्या गोगलगाई आणि डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारी कोळंबी. हे सगळं काचेच्या टाकीत मांडून ती म्हणाली, "आबा, दिवाळीत येईन तेव्हा मला ही जिवंत पाहिजे." आबांनी सलाम ठोकला. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी इतक्या मनापासून ठोकला नसेल.

पावसाळ्यात टाकीची काच हिरवी झाली आणि दशरथरावांची झोप उडाली. एका रविवारी त्यांनी निवटीला पातेल्यात बसवलं, दगड तारेच्या घासणीने घासले, काच पुसली, सगळा चिखल गाळासकट बादलीत भरला आणि टाकीत धुतलेली वाळू घातली. मग बादली बायकोपुढे ठेवून म्हणाले, "ही फेकून दे."

"तुमची घाण तुम्ही फेका," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मोरीत ओतली तर मोरी तुंबेल, कुंडीत ओतली तर माझा कढीपत्ता मरेल."

दोघेही हट्टाला पेटले. बादली बाल्कनीत राहिली. तिच्यात ऊन पडलं, पाऊस पडला, पण कुणी हात लावेना. रोज सकाळी चहाबरोबर तिच्यावरून भांडण व्हायचं आणि ते मी वर बसून फुकटात ऐकायचो.

इकडे टाकी झगमगत होती आणि निवटी दगडावर मलूल पडून होती. दुकानातलं दाणेदार खाद्य घातलं की ती तोंड फिरवायची. उकडलेल्या अंड्याकडे तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "निवटीचं कालवण मात्र झकास होतं हं," असं मी सहज बोलून गेलो, तर दशरथरावांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी कल्याणीचा व्हिडिओ कॉल आला. आबांनी अभिमानाने फोन टाकीपुढे धरला.

"आबा, शेवाळ कुठंय?"

"काढलं! बघ कसं चकचकीत!"

पोर रडायलाच लागली. "काहून काढलं? शेवाळावर कोळंबी जगते, कोळंबीवर ही जगते. तुम्ही तर हिचं किचनच धुऊन टाकलं!"

दशरथराव पांढरेफटक पडले. आत्ताच्या आत्ता चिखल आणायला श्रीवर्धनला जातो म्हणून पिशवी शोधायला बाल्कनीत गेले आणि अंधारात बादलीला अडखळले. मग त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून आमचा अबोला विसरून मी खाली धावलो. टॉर्च मारून पाहतो तर बादली हिरवीगार. काठावर एक गोगलगाय चढलेली आणि पाण्यात कोळंबीची पिल्लं टणाटण उडत होती.

"अगं, तू फेकली नाहीस!"

"तुमची वाट बघत होते," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

आमटीच्या डावाने थोडा थोडा करत तो चिखल पुन्हा टाकीत गेला. निवटी आधी नुसती बघत राहिली, मग तिने एकदम कोळंबीवर झेप घेतली आणि गट्टम. दशरथरावांनी डोळे पुसले.

"कारखान्यात आम्ही खालचे लोक एकदा काम सोडून बसलो होतो," ते मला म्हणाले. "तेव्हा मोठे साहेब स्वतः चहा शोधत फिरत होते. जन्मभर मी खालीच काम केलं हो. आणि खालचेच मी घासून काढले!"

त्यानंतर त्या टाकीला त्यांनी कुणाला फडकं लावू दिलं नाही. दिवाळीत कल्याणी आली, तोवर काच इतकी हिरवी झाली होती की आतलं काही दिसत नव्हतं. दशरथराव इस्त्रीचा शर्ट घालून टाकीशेजारी ताठ उभे होते. इतक्या वर्षांनी पाहणीला कुणीतरी आलं होतं. कल्याणीने टाकीत हात घालून काचेवर आतून बोट ओढलं. मोकळ्या झालेल्या रेघेतून दोन बटबटीत डोळे बाहेर बघू लागले. तिने हिरवं बोट आबांच्या नाकापुढे धरलं.

"आबा," ती म्हणाली, "एकदम मस्त घाण आहे."

आबांनी सलाम ठोकला, आणि मग त्यांना रडू आवरेना.