थ्रॉन, आणि मोरागबाईंचा जिना

ओल्या दगडावरून साबणाचा वास वर चढू लागला की मला ग्लासगोमधली ती ऑक्टोबरची सकाळ आठवते. जिन्याच्या रंगीत काचेतून उतरलेलं कोवळं ऊन भिंतीवरच्या हिरव्या फरश्यांवर रेंगाळत होतं, आणि तीन मजल्यांच्या त्या चढाच्या पायथ्याशी काठी रोवून मोरागबाई उभ्या होत्या. 'बाई' हे शेपूट माझं. नाशिकहून इथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून आले, तरी ऐंशी ओलांडलेल्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या जिभेला काही जमलेलं नाही.

खुब्याचं हाड मोडून वॉर्डात आलेल्या मोरागबाई आमच्या सरावाच्या लाकडी पायऱ्यांवर पाऊल ठेवायलाच तयार नव्हत्या. हा माझा जिना नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं. "थ्रॉन आहे ती," माझी सहकारी फिओना सुस्कारा टाकून म्हणाली. चहाच्या वेळी मी त्या स्कॉटिश शब्दाचा अर्थ विचारला, तर तिने पूर्व म्हटलं की पश्चिमेला निघणाऱ्या आपल्या आजोबांचं वर्णन केलं, आणि मग बेटांवरच्या काटेरी झाडांचं, जी समुद्रवाऱ्याने पार पिळवटून निघतात पण पडत मात्र नाहीत. मी मराठीत शोधत बसले. हट्टी म्हणावं तर ते लहान मुलाचं, हेकेखोर म्हणजे सरळ शिवीच, आणि आपला बाणा तर मोडेन पण वाकणार नाही असा. इथे वाकूनही उभं राहण्याची ऐट होती. तक्रार करतानासुद्धा फिओनाच्या ओठांच्या कोपऱ्यात अभिमान लपत नव्हता.

मीटिंगमध्ये बहुतेकांचं मत पडलं की तिसऱ्या मजल्यावरचं घर आता सुटलं, वृद्धाश्रमच बरा. माझं पित्त खवळलं. परीक्षा घ्यायचीच तर त्यांच्याच जिन्यावर घ्या, चढल्या तर घर, नाही तर आश्रम, असा मी हेका धरला. घरी नवरा म्हणाला, "अगं, टीमशी कशाला आर्ग्यू करतेस? तुझं प्रोबेशन अजून ओव्हर नाही झालंय." त्याचं खरंच होतं, पण मी ऐकेन तर शपथ.

टीमने अखेर मान्य केलं, आणि त्या सकाळी फिओना व मी मोरागबाईंना घेऊन चढू लागलो. पहिला मजला झाला. दुसऱ्या वळणावर मोरागबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. मी त्यांच्या कमरेचा पट्टा घट्ट धरला. पुरे करू या, असं फिओनाने डोळ्यांनीच सांगितलं आणि मला रडू कोसळेलसं वाटलं. तेवढ्यात बाईंची नजर पायऱ्यांवर गेली. या जुन्या इमारतींत शेजाऱ्यांनी आळीपाळीने जिना धुवायचा रिवाज आहे; त्यांची पाळी शेजारच्या तरुण भाडेकरूने मोठ्या प्रेमाने, त्यांच्या स्वागताला म्हणून आदल्या दिवशी उरकली होती. पण खालून वर. प्रत्येक पायरीवर वरच्या पायरीच्या गढूळ पाण्याचे ओघळ वाळले होते.

"खालून वर!" मोरागबाई गरजल्या. "जिना असा धुतात?"

आणि निघाल्या. ओघळ न् ओघळ काठीने दाखवत, त्या बिचाऱ्याच्या अख्ख्या पिढीचा उद्धार करत, आधी चांगला पाय, मग दुखरा, अगदी मी शिकवलं होतं तसं, कठडा धरून त्या थेट आपल्या दाराशी पोचल्या. तिथे वळल्यावर त्यांना कळलं की आपण चढून आलो. त्या हसल्या, आणि मी आनंदाने फिओनाला मिठीच मारली. "तूही काही कमी थ्रॉन नाहीस," ती डोळे पुसत म्हणाली. आजवर मिळालेल्या कुठल्याच प्रशस्तिपत्राने मी इतकी फुलले नव्हते.

"बादली सिंकखाली आहे, पोरी," मोरागबाईंनी दारातल्या खुर्चीत टेकत फर्मावलं. उतरायची परीक्षा पायऱ्या वाळल्यावर, असं बजावून मी बाह्या सरसावल्या आणि वरून खाली जिना धुवायला घेतला. साबणाचा वास, काचेतलं लाल-निळं ऊन, आणि वरून आवाज, "कोपरे, पोरी, कोपरे!"

कोपरा मी आधीच पुसला होता. म्हणून मानही वर न करता म्हटलं, "तुम्ही उठाबसायचा व्यायाम सुरू करा बघू."

वर काठी एकदा जमिनीवर आपटली. मग खुर्ची करकरली, थांबली, पुन्हा करकरली. 'थ्रॉन'ला मराठी जोड शोधायचं मी तेव्हापासून सोडून दिलं आहे.