जास्वंदीला घातलेला द्राक्षरस

प्रभुभोजनाचं टेबल मांडणाऱ्या बाईंनी माझ्या आईचा द्राक्षरस चर्चमागच्या जास्वंदीच्या मुळाशी ओतला. पातेलं पालथं करून झटकलंसुद्धा. मग स्वतःच्या घरचा रस टेबलावर मांडला. मी दारातून बघत होते.

नाशिकमधलं आमचं चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचा तुकडा आणि इवल्या पेल्यात द्राक्षरस. रस मंडळीतल्या कुणाच्या तरी घरून येतो. आमची पाळी कधी आलीच नव्हती. आई द्राक्षबागेत मजुरी करते. या वेळी तिनेच पाळकसाहेबांकडे पाळी मागून घेतली. पहाटे न्हाऊन, प्रार्थना म्हणत काळी द्राक्षं उकळली, नव्या फडक्यातून गाळली. इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी बाईंना जाब विचारला. त्यांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले, माझे आजोबा मांगाचे. हे त्या विसरत नाहीत. हळूच म्हणाल्या, "आईला सांगू नकोस हं. मंडळीत जुनी माणसं आहेत, त्यांच्या घशाखाली उतरणार नाही."

उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी सांगितलं, देव एकच, आपण सारी त्याची लेकरं. आईने पेला घेतला आणि डोळे मिटून प्यायली. आपलाच रस समजून. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले.

"हा माझ्या आईचा रस नाही. तिचा बाहेर झाडाला घातलाय."

कुणी दचकलं नाही, आपापले पेले रिते करत राहिले. आईने माझा हात ओढला. "बस खाली. देवाला ठाऊक हाय."

देवाला ठाऊक होतं. मंडळीलाही ठाऊक होतं. पेला पिताना फक्त तिलाच नव्हतं.

कामावरच्या मैत्रिणीला हे सांगितलं. ती मालेगावची, विणकराची मुलगी. हसली. म्हणाली, "आमच्यात नमाजाला खांद्याला खांदा. रिश्त्याचं, लग्नाचं निघालं की बिरादरी विचारतात, म्हणजे जातच."

म्हणजे देव एक आणि उंबरे हजार. असल्या एकपणाची मला चीड येते.

आई आता रस करत नाही. मी करते. चर्च सोडणार नाही, त्याच्या विटा माझ्या आजोबांनी वाहिल्यात. पण या मंडळीचा पेला तोंडाला लावणार नाही. बागेत द्राक्षं आहेत तोवर दर प्रभुभोजनाला माझं पातेलं टेबलावर ठेवणार आणि शेजारी उभी राहणार. ओतायचं असेल तर आता सगळ्यांदेखत ओता.