गाव पाहून राहिलो

“बाई, ही गल्ली कुठं निघती हो?”

आपांनी असं विचारलं की समजायचं, आज घरी जायला उशीर होणार. त्या गल्लीच्या तोंडाशी थांबायच्या, बुरख्याची कड एका हाताने जरा वर धरायच्या आणि मान पुढे काढून आत बघायच्या, चुलीवरच्या दुधात डोकावून बघावं तसं. माझ्या उत्तराची त्यांना गरज नसायची आणि मला उत्तर माहीतही नसायचं. मी मूळची हट्ट्याची, शाळेतल्या नोकरीमुळे वसमतला आलेली. शाळा, भाजीबाजार आणि बसस्टँड एवढंच माझं वसमत. पण आपा तर जन्मापासून याच गावातल्या.

त्यांचं माहेर आणि सासर एकाच गल्लीत, समोरासमोर. लग्नात निरोपाची वेळ आली तेव्हा त्यांच्या वडिलांना वाटलं, गल्ली ओलांडून पोरगी देणं हा काय निरोप झाला? म्हणून त्यांनी जीप ठरवली. नवरा-नवरीला घेऊन जीप सगळ्या गावातून फिरली आणि परत येऊन समोरच्या दारात उभी राहिली. “अख्खं गाव फिरले बाई, पण घुंगट इतका खाली, मला निस्ते माझे पाय दिसले,” आपा सांगायच्या. सांगताना हसायच्या.

त्यांचा नवरा मोंढ्यात, हळदीच्या आडतीवर कामाला होता. भला माणूस. भाजीपाला, मटण, औषधं, शिलाईचे दोरे, हुक, सगळं तोच घेऊन यायचा. बायकांचे ब्लाउज आपा शिवायच्या, पण बायका त्यांच्याकडे येत नसत. बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरवरून कापड आणि मापाचा ब्लाउज यायचा आणि शिवून झालं की त्याच वाटेने परत जायचा. आपांना बाहेर जायला कुणी बंदी केली नव्हती. त्याच एकदा म्हणाल्या होत्या, “त्यांनी नको कधी म्हणलं न्हाई. पण जायाची गरजच पडू देली न्हाई.” नवऱ्याबद्दलची तक्रार म्हणा की कौतुक, दोन्ही त्या एका वाक्यात होतं. मी त्यांच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. म्हणजे त्यांच्या माहेरातच. त्यांचे भाऊ गाव सोडून गेले होते.

नवरा वारला, आणि पुढे काही महिन्यांनी आपांना शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. तुमच्याही गावात पाहिलं असेल तुम्ही, शाळेच्या मैदानावर संध्याकाळी बायका गोल गोल फिरत असतात, कानात मोबाइलचं गाणं, अंगावर स्वेटर. मी आपांना तिथे घेऊन गेले. दोन फेऱ्या झाल्यावर त्या थांबल्या. जिथून निघालो तिथंच आलो, असं म्हणाल्या आणि फाटकातून बाहेर पडून सरळ समोरच्या गल्लीत शिरल्या. मी मागून धावले.

तिथून आमचं सुरू झालं. मी शाळेतून येऊन चहा घ्यायचे तोवर त्यांची असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज झालेली असायची. दिवस बुडतानाच्या मगरिबच्या आत परत यायचं, एवढाच नियम. बाकी कुठे जायचं ते गल्लीच्या तोंडाशी ठरायचं.

आपल्याकडे दोन बायका काही कामाशिवाय परक्या गल्लीतून चालल्या की लोकांना करमत नाही. “कोणाकडं आलात?” हा प्रश्न प्रत्येक दारातून यायचा. आपांना सुरुवातीला खरं सांगायची लाज वाटायची. एकदा त्यांनी दडपून सांगून टाकलं की भाड्याने खोली पाहून राहिलो. झालं, ओट्यावर बसलेला म्हातारा उठला, चावी घेऊन आला आणि आम्हाला मागची खोली, मोरी, पाण्याची टाकी सगळं दाखवलं. आपांनी नळाला पाणी किती दिवसांनी येतं तेही विचारलं. पुढे आठवडाभराने तो मला बाजारात भेटला आणि सामान कधी आणताय म्हणून विचारू लागला. त्या दिवसापासून आपांनी खोटं सोडलं. कुणी विचारलं की त्या सरळ सांगायच्या, “कोणाकडं न्हाई. गाव पाहून राहिलो.”

लोक हसायचे. वसमत हे काय पाहायचं गाव आहे? पण आपा पाहायच्या. हळदीच्या दिवसांत एका गल्लीतल्या पायऱ्या, पत्रे, झोपलेली कुत्रीसुद्धा पिवळी झालेली असायची, ती त्यांनी मला उभं राहून दाखवली. इतकी वर्षं नवऱ्याच्या सदऱ्यावर तो पिवळा रंग धुतला, पण तो कुठून येतो ते आज पाहिलं, असं म्हणाल्या. एका ठिकाणी गल्ली दोन हात रुंदीची होऊन थेट कुणाच्या तरी अंगणात संपायची. तिथल्या सुनेने आम्हाला स्वयंपाकघरातून पलीकडच्या रस्त्याला काढून दिलं. आपा पुढे कितीतरी दिवस त्या चुलीपाशी उकळणाऱ्या आमटीच्या वासाबद्दल बोलत होत्या.

एक दिवस रेल्वेलाइनच्या अलीकडच्या वस्तीत त्या चालता चालता अशा थबकल्या की मला वाटलं पाय मुरगळला. समोर दोरीवर कपडे वाळत होते. आपा जवळ गेल्या आणि एका जांभळ्या ब्लाउजची बाही उलटी करून पाहू लागल्या. घरातून बाई बाहेर आली. अनोळखी बाई आपल्या कपड्याला हात लावतेय म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. आपा म्हणाल्या, “माझी शिलाई हाय ही.” त्यांनी गळ्याची पट्टी उलटून दाखवली, तिथे त्या आतून एक जास्तीची टीप मारायच्या. ती बाई बघतच राहिली. गेली कित्येक वर्षं ती दुकानात ब्लाउज टाकत होती, पण ते कोण शिवतं हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने शेजारणींना हाका मारल्या. एकेक जण घरातून आपले ब्लाउज घेऊन आली. आपा उलटून पाहायच्या आणि हा माझा, हा न्हाई, असं सांगायच्या. परत येताना त्यांनी एकदा वळून त्या दोरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “शिलाई कवाच येऊन बसली इथं. मीच मागं राहिले.”

त्यांच्या मुलाचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. सरळ पोरगा. पण दुकानात येणारे त्याला विचारू लागले की तुमच्या अम्मीचं काही हरवलं आहे का, रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीत दिसतात. त्याला ते लागलं. तो मला जिन्यात गाठून म्हणाला, मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी सांगा. घरात चालायची मशीन आणायचीही त्याने तयारी केली, मोबाइलवर तिचा फोटो आपांना दाखवला. आपांनी फोटो नीट पाहिला. मग विचारलं, “ही कुठं निघती?” पोरगं हसलं नाही. मला मात्र तोंडाला पदर लावावा लागला.

पाय बिघडला तो पावसाळ्याच्या शेवटी. शुगरमुळे त्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झाली होती, हे आम्हाला कुणालाच नीट माहीत नव्हतं. चपलेतून काहीतरी टोचलं असणार. आम्ही एका ओट्यावर पाणी प्यायला बसलो होतो, तेव्हा मला त्यांच्या मोज्यावर काळपट डाग दिसला. मी मोजा काढा म्हटलं तर त्या नको नको करू लागल्या. मी ओढूनच काढला. आत हळद लावून चिंधी बांधलेली होती, आणि चिंधीखालचं बोट काळं पडलं होतं.

“हे कवापासून हाय, आपा?”

“कळलं असतं तर तुमी फिरणं बंद केलं असतं,” त्या म्हणाल्या.

नांदेडच्या दवाखान्यात त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी रविवारी भेटायला गेले. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. मला वाटलं तो आता मला बोलेल, आणि त्याने बोलावं असंही वाटत होतं. तो फक्त सरकून बसला आणि म्हणाला, अम्मी घरी आल्यावर तुम्हीच समजावा, माझं ऐकत नाहीत. मी आत गेले. समजावण्यासाठी जे जे म्हणतात ते सगळं म्हटलं. वय झालं, पाय जपला पाहिजे, डॉक्टर काय म्हणाले, मुलाचं काय होतंय. आपा छताकडे बघत ऐकत होत्या.

“बाई,” त्या म्हणाल्या, “चाळीस वर्ष पाय बराबर होते. तवा कुठं गेले मी?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“आता तकलीफ हाय तर हाय. तुमी येणार का न्हाई, तेवढं सांगा.”

मी येईन म्हटलं.

पायाची जखम भरायला बरेच महिने गेले. मुलाने नांदेडहूनच मऊ तळाच्या, पायाच्या मापाच्या चपला करून आणल्या आणि एक काठी.  दुसऱ्या दिवशी असर झाल्यावर आपा त्या चपला घालून माझ्या जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या.

आता आम्ही फार लांब जाऊ शकत नव्हतो. थोडं चाललं की आपांना बसावं लागायचं. आणि गंमत अशी झाली, की आधी आम्ही नुसत्या गल्ल्यांतून जात होतो, आता ओट्यांवर बसू लागलो. बसलं की बोलणं आलं. बोलणं आलं की चहा आला. मग बायका “खांद्यात चढतो,” “काखेत काचतो,” म्हणत आपले ब्लाउज घेऊन येऊ लागल्या. आपांच्या पिशवीत सुई-दोरा आणि छोटी कात्री असायची. बसल्या जागी उसवून, टाका घालून द्यायच्या. त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. सगळ्या गल्ल्यांत त्या शिलाईवाल्या आपा होत्या. शेजारच्या घरात जावई येणार, पलीकडच्या पोरीचं जमलं, कुणाच्या म्हातारीला दिसेनासं झालं, हे मला शाळेत कळायच्या आधी आपांना कळायचं. पण एका गल्लीतलं त्यांनी दुसऱ्या गल्लीत कधी नेलं नाही. मला वाटतं, म्हणूनच बायका त्यांच्याजवळ बोलायच्या.

एका संध्याकाळी उशीर झाला. अजान झाली तरी आम्ही घरापासून लांब होतो. मुलगा मोटारसायकल घेऊन शोधत आला. आपा पाच-सहा बायकांच्या मध्ये बसून कुणाच्या तरी नातीच्या झग्याला हुक लावत होत्या. त्याने गाडी उभी केली. एका बाईने त्याच्या हातात पाण्याचा गिलास दिला, दुसरीने त्याला सांगितलं की तुमच्या आईच्या हाताला लई सफाई हाय. त्याने पाणी पिऊन गिलास परत दिला. अम्मीला मागे बस म्हणून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, चालतच येते, एवढं हुक होऊ दे. तो थांबला. मग त्याने गाडी सुरू केलीच नाही. आपा काठी टेकत चालत होत्या, मी त्यांच्या बाजूला, आणि तो बंद गाडी ढकलत आमच्या मागून, अगदी हळू. मधे एका वळणावर आपांनी त्याला उजवीकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. त्याने मान वळवून तिकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ तिकडेच पाहत चालला.

हिवाळ्यात आपा नांदेडला दिलेल्या लेकीकडे चार दिवस म्हणून गेल्या आणि तिथेच त्यांना झटका आला. माती तिथेच झाली. मुलगा दुकान बंद करून गेला, आठवड्याने आला. आमच्या गल्लीतले लोक भेटून गेले. शिवणयंत्रावर कुणीतरी चादर टाकली होती.

मी चालणं सोडून दिलं होतं. पुढे एकदा एका आजारी विद्यार्थिनीच्या घरी जायचं होतं म्हणून लाइनच्या बाजूला गेले. जांभळ्या ब्लाउजवाली बाई दारातच होती. “आज एकल्याच? आपा काहून न्हाई आल्या?” तिने विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना कुणालाच माहीत नाही. कसं माहीत असणार? आपांचा नंबर कुणाकडे नव्हता. घर कुठलं ते माहीत नव्हतं. त्या चालत यायच्या आणि चालत जायच्या, एवढीच ओळख.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी निघू लागले. एकेका गल्लीत जाऊन सांगू लागले. सोपं नव्हतं ते. मला एकटीला येताना पाहूनच काही जणींना कळायचं. कुणी फार तकलीफ झाली का म्हणून विचारायचं. कुणी आत जाऊन डोळे पुसून यायचं. खोलीवाला म्हातारा चष्मा काढून म्हणाला की चांगल्या भाडेकरू झाल्या असत्या. स्वयंपाकघरातून वाट देणाऱ्या सुनेने मला त्याच वाटेने पलीकडे काढून दिलं.

सगळ्यात शेवटी लाइनच्या पलीकडे गेले. आपा काठी आल्यावर तिथे एकदोनदाच पोचल्या होत्या. एक वयस्कर बाई ओट्यावर सुपात तूर पाखडत बसली होती. मी सांगितलं. तिचे हात थांबले. तुरीतला एक खडा तिने उचलून लांब टाकला.

“नाव काय हो त्यांचं?” ती म्हणाली. “कवा इचारलंच न्हाई आमी.”

मी नाव सांगितलं. तिने ते हळूच म्हणून पाहिलं, जरा चुकलं. मी पुन्हा सांगितलं. या वेळी तिने ते बराबर म्हटलं. मग तिने सूप बाजूला सरकवलं आणि ओट्यावर मला जागा करून दिली.