तापीमायचे डोळे

शालिग्राम पेंटर बुधवारा पेठेत माझ्या समोरच्याच घरात राहायचा आणि पाट्या रंगवायचा. राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही बुऱ्हाणपूरवाले नव्या मध्य प्रदेशात राहिलो आणि कचेऱ्यांच्या पाट्या बदलायचं काम त्याच्याकडे आलं. त्याच हिवाळ्यात त्याची बायको कोकिळा तापाने गेली. तिचा एकही फोटो नव्हता. "फोटू काढला का आयुष्य घटते, मी नाही बसत त्या डब्यापुढं," म्हणायची. आयुष्य तसंही घटलंच. तिचा चेहरा कुठेच राहिला नाही, हे शालिग्रामला तिच्या जाण्याइतकंच लागलं होतं.

आमच्या शेजारचे वामन मास्तर मराठी शाळेत शिकवत आणि कविता करत. त्यांच्या एका लांबलचक कवितेत नावाडी पुरात बुडतो आणि त्याची बायको हातात दिवा घेऊन पाण्यात उतरत जाते, दिवा विझेपर्यंत. मला विचाराल तर कविता जरा जास्तच रडकी होती. शालिग्रामने मात्र ती मास्तरांच्या ओट्यावर ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी पाटीसाठी आणलेली सागवानी फळी पुढ्यात ओढली.

काळंनिळं पाणी, कमरेपर्यंत बुडालेली बाई, दिव्याचा उजेड खालून तोंडावर. तोंड कोकिळेचं, हुबेहूब. भुवईजवळचा देवीचा व्रण, रागवण्याआधी ओठ मुडपायची ती लकब, सगळं. मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू?

तापी जयंतीला मास्तर घाटावर कविता म्हणणार होते, म्हणून चित्र तिथल्या कोनाड्यात ठेवलं. कविता कोण ऐकतंय! म्हातारी रंभाबाई पूजेचं ताट घेऊन आली आणि पाण्यातली बाई पाहून मटकन खाली बसली.

"अवं माय, ही तं साक्षात तापीमाय हाय!"

तिने चित्राच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मास्तर समजावायला पुढे झाले, तर शालिग्रामनेच त्यांना अडवलं.

"लावू द्या मास्तर. सवाष्ण गेली ती."

तिथेच चुकलं. त्या पावसाळ्यात पूर वरच्या पायऱ्यांना शिवून ओसरला आणि झालं, चित्राची तापीमाय झाली! वर पत्र्याचं छप्पर चढलं. मास्तरांनी मुंबई राज्यात बदली मागून घेतली आणि गेले, त्यांच्याबरोबर कविताही गेली. ती बाई कोण, हे सांगणारे आम्ही दोघेच उरलो.

शालिग्राम रोज सकाळी कामाआधी तिला पाहून यायचा. आधी कुंकू भुवईपर्यंत आलं. नवरात्रात कुणीतरी तेलात कालवलेला शेंदूर चोपडला, मग थांबतंय कोण? एका सकाळी तो टर्पेंटाइन आणि फडकं घेऊन गेला, तर घाटाची व्यवस्था पाहणाऱ्या भिकनने त्याचं मनगट धरलं.

"दिमाग खराब झाला का? मायचं तोंड पुसतो?"

"भिकनभाऊ, माझी बायको हाय ती."

लोक आधी हसले, मग त्यांनी त्याला मारलं. ज्यांच्या दुकानांच्या पाट्या त्याने रंगवल्या होत्या, त्यांनीच. मला आजही त्यांची चीड येते.

पुढच्या जयंतीपर्यंत तोंडाच्या जागी शेंदराचा नुसता गोळा झाला होता. तेव्हा हाच भिकन निर्लज्जपणे त्याच्या दारात आला.

"मायला डोळे काढून दे. पेंटर तं तूच हाय."

जाऊ नकोस, असं मी शालिग्रामला बजावलं. "डोळे तरी तिचेच काढतो," म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडावर मी हसू पाहिलं.

लोक हात जोडून उभे होते. त्याने कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला, शेंदराजवळ नेला आणि हात तिथेच थांबला. मला वाटलं, रडू आलं असेल. तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "तू तं रोज पाहायचा ना तिला? कसे होते रे तिचे डोळे?"

मला भुवईजवळचा व्रण तेवढा आठवला.

"जल्दी कर रे, आरती का टाइम हो रहा है," भिकन मागून ओरडला. शालिग्रामने दोन वाटोळे, मोठे डोळे काढले, कुठल्याही देवीला असतात तसे.